दिवस साडेअकरा तासांचा, होल बहात्तर : आधी सूर्याचा हिशेब करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमध्ये मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट ही संस्था कर्करुग्णांसाठी निधी जमवायला 'लाँगेस्ट डे गोल्फ चॅलेंज' घेते. डग्लस मॅकमिलन यांनी १९११ साली सुरू केलेल्या कामातून ही संस्था उभी राहिली. जास्तीत जास्त चार जणांचा गट उन्हाळ्यातल्या एका दिवसात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत ७२ होल (होल म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून चेंडू मारून तो खळीत घालेपर्यंतचा एक टप्पा), म्हणजे १८ होलच्या चार फेऱ्या खेळतो आणि त्या कष्टापोटी नातेवाईक, शेजारी, सहकारी देणगी देतात. कल्पना चांगली आहे, तिला मंडप लागत नाही की पाहुणे कलाकार लागत नाहीत. गोव्यातही असे काही करावे, अशी चर्चा गोल्फ खेळणाऱ्यांत अधूनमधून होते. जरूर करावे. पण तिकडचा आकडा जसाच्या तसा इकडे आणला, तर शेवटचे वीस होल अंधारात राहतील आणि देणगीदाराला दिलेला शब्द मोडेल. म्हणून हे पत्र, आणि ते थोडे लांबले आहे त्याबद्दल क्षमस्व.

पहिला मुद्दा उजेडाचा. २१ जूनला लंडनमध्ये सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वानऊ उलटून गेल्यावर मावळतो. साडेसोळा तासांहून अधिक उजेड. पावणेचार तासांची एक फेरी धरली, तर चार फेऱ्यांचे पंधरा तास होतात आणि जेवणखाण, विश्रांती, हरवलेले चेंडू यांना दीड तास उरतो. तो कार्यक्रम या दीड तासावर उभा आहे. आपण पंधराव्या अक्षांशाजवळ राहतो. आपला सर्वांत मोठा दिवस जेमतेम तेरा तासांचा, आणि तोही जूनमध्ये, जेव्हा पाऊस दाराशी आलेला असतो किंवा घरात शिरलेला असतो. खेळण्याजोगे महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरअखेर दिवस सव्वाअकरा तासांचा असतो. जानेवारी संपताना सूर्य सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास वर येतो आणि साडेसहाला बुडतो, म्हणजे साधारण ११ तास २५ मिनिटे. फेब्रुवारीच्या मध्यावर आणखी दहा-बारा मिनिटे मिळतात. मार्चमध्ये दिवस वाढतो खरा, पण ऊनही वाढते आणि त्या उन्हात दहा तास चालणे कोणालाही सांगू नये.

आता मैदाने. काणकोणात राजबागला नऊ होलचे मैदान आहे. प्रत्येक होलला दोन वेगवेगळ्या टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, असल्यामुळे दोन फेऱ्या मारल्या की अठरा होल होतात. बाणावलीतही हॉटेलच्या आवारात नऊ होलचे मैदान आहे. मोबोरला बारा होलचे पार-तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत पुरे होणे अपेक्षित असलेल्या आखूड होलचे मैदान आहे. यांतल्या नऊ होलच्या मैदानावर ७२ होल म्हणजे आठ फेऱ्या. चार जणांचा गट पायी खेळला तर नऊ होलना दोन तास सहज लागतात. आठ दुणे सोळा. सूर्य साडेअकरा तासच देतो.

आमचे स्पष्ट मत आहे की गोव्यात पायी खेळायचे असेल तर आव्हान ५४ होलचे ठेवावे. सहा फेऱ्या, गट दोघांचाच, नऊ होलला दीड तास म्हणजे होलमागे दहा मिनिटे. खेळाचे नऊ तास झाले. जेवणाला चाळीस मिनिटे आणि मध्ये दहा-दहा मिनिटांचे तीन थांबे धरले तर दहा तास दहा मिनिटे. तास-सव्वा तास हाताशी राहतो आणि तो राहिलाच पाहिजे. ७२ होलचाच आग्रह असेल तर गोल्फ कार्ट घ्यावी लागेल आणि नऊ होल सत्तर मिनिटांत उरकावे लागतील. होलमागे पावणेआठ मिनिटे. तेव्हा प्रत्येक होलला एकच मिनिट जास्त गेले तर दिवसअखेर ७२ मिनिटांचा तोटा होतो आणि शेवटची फेरी गेली म्हणून समजा. मोबोरसारख्या पार-तीनच्या मैदानावर मात्र ७२ होल म्हणजे सरळ सहा फेऱ्या, आणि त्या नवशिक्यांनाही जमतात. फक्त देणगीदाराला आधीच सांगावे की हे होल आखूड आहेत. न सांगता '७२ होल' एवढेच पत्रकावर छापणे योग्य नाही.

वेळ कुठे जातो, हे एकदा डोळ्यांसमोर आणायला हवे. साधारण खेळाडू १८ होलमध्ये नव्वद फटके मारतो. त्यांतले छत्तीसेक पटरचे, म्हणजे खळीजवळ चेंडू हलकेच ढकलायचे, सोडले तर चोपन्न मोठे फटके उरतात. ५४ होलमध्ये ते १६२ होतात. प्रत्येक फटक्याआधी एकदा हवेत क्लब (गोल्फची काठी) फिरवून सराव करण्याची सवय बहुतेकांना असते. त्याला दहा सेकंद धरा, एका खेळाडूची २७ मिनिटे गेली, दोघांची ५४. हाताशी ठेवलेला जवळजवळ सगळा वेळ हवेत फिरवण्यातच संपला, आणि तळहातावर दुप्पट घासणी झाली ती वेगळी. तेव्हा सरावाचा स्विंग बंद, हा त्या दिवसाचा पहिला नियम.

दुसरा नियम हरवलेल्या चेंडूचा. २०१९ सालापासून गोल्फच्या नियमांत चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात, पूर्वी पाच होती. ही तीन मिनिटेही परवडत नाहीत. ज्या होलला फटका कुठे पडला ते टीवरून दिसत नाही, तिथे एक कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, आधीच पुढे उभा करावा, चेंडू जिथे थांबेल तिथे त्याने लहान झेंडी रोवावी. खिशात दुसरा चेंडू तयार असावा. ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावे, मागे कोण आणि पुढे कोण हे पाहत बसू नये. नियमही याला उत्तेजनच देतात. खळीतला झेंडा न काढता पट करता येतो, तो जागेवरच ठेवावा.

गुणांसाठी स्टेबलफर्ड, म्हणजे प्रत्येक होलला वेगळे गुण देणारी पद्धत घ्यावी. तिच्यात एखाद्या होलला गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढे जाता येते. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सातवा फटका मारत बसलेला खेळाडू मागच्या सगळ्यांना अडकवतो. आव्हान पुरे करण्याचे आहे, जिंकण्याचे नाही. 'पुरा झालेला होल' म्हणजे काय, हे मात्र आधी लिहून ठेवावे : टीवरून फटका मारला आणि चेंडू होलमध्ये गेला किंवा नियमानुसार उचलला, म्हणजे होल पुरा. ही एक ओळ देणगीदाराच्या वचनपत्रावर छापली नाही तर नंतर वाद होतात.

सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात, त्याला शॉटगन स्टार्ट म्हणतात. वेळ वाचवायला तो उत्तम. पण गोल फिरणाऱ्या रांगेचा वेग सर्वांत संथ गटाइतकाच असतो, हे संयोजक विसरतात आणि नऊ होलवर नऊ गट सोडतात. मग प्रत्येक जण पुढच्याची वाट पाहत टीवर उभा. कोंडी होते ती पार-तीनच्या होलवर. पार-चार किंवा पार-पाचच्या होलवर एक गट ग्रीनवर (खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) असताना दुसरा टीवरून मारू शकतो. पार-तीनला पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्याला हलताच येत नाही. म्हणून नऊ होलच्या मैदानावर सहाच गट घ्यावेत आणि सुरुवात करताना पार-तीनचे होल रिकामे ठेवावेत. सहा गट म्हणजे बारा खेळाडू. आकडा लहान वाटेल, पण बारा जण आव्हान पुरे करतील. अठरा घेतले तर एकही नाही.

मैदानाच्या कर्मचाऱ्यांशी आदल्या आठवड्यात बसून बोलावे. टी पुढच्या ठेवा, खळी ग्रीनच्या मधोमध सपाट जागी कापा, बंकरमध्ये वाळू सारखी करायचे दोन-दोन रेक ठेवा. थंडीच्या दिवसांत काणकोणात सकाळी गवतावर भरपूर दंव असते. ओल्या ग्रीनवर चेंडू अडतो, ग्रिप (क्लबची मूठ) ओली होते आणि क्लब हातातून निसटतो. माळ्याने साडेसहाला लांब काठी ग्रीनवरून फिरवून दंव झाडले की पहिल्या फेरीचा त्रास निम्मा होतो. दुपारी उलटा प्रश्न. बारानंतर समुद्रावरून वारा सुटतो, तीन-चारच्या सुमारास तो चांगलाच जोर धरतो, आणि वाऱ्यावर तोंड करून खेळायच्या होलला एक-दोन क्लब जास्त, म्हणजे आणखी लांब मारणारा क्लब, लागतो. थकलेला माणूस वाऱ्याशी झुंजायला जोर लावतो आणि नेमकी तेव्हाच पाठ धरते. दुपारच्या फेऱ्यांत टी आणखी पुढे आणाव्यात. एकाच दिवसात इतक्या फेऱ्या झाल्यावर टी आणि ग्रीन दोन्ही खराब होतात. प्रत्येक खेळाडूने चेंडूचा खड्डा सारखा करावा, उडालेल्या गवताच्या जागी वाळू भरावी. ती वाळूची पिशवी कार्टला किंवा बॅगेला बांधलेली असली तरच हे घडते.

हाताकडे वळू. फोड येतो तो तर्जनीच्या बुडाशी आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला. घामाने भिजलेले कातडी हातमोजे वाळले की कडक होतात आणि कागदासारखे घासतात. त्या दिवसासाठी कृत्रिम कापडाचे चार-पाच हातमोजे घ्यावेत आणि दर नऊ होलला बदलावेत. काढलेला बॅगेला अडकवून वाळत घालावा. कापडी चिकटपट्टी, औषधांच्या दुकानात झिंक ऑक्साइडची म्हणून मिळते ती, सकाळीच लावावी. फोड आल्यावर लावून उपयोग नाही, कारण ओल्या कातडीवर ती टिकत नाही. गुळगुळीत झालेल्या ग्रिप महिनाभर आधी बदलून घ्याव्यात. ग्रिप घसरते म्हणून माणूस मूठ आवळतो, आणि आवळलेल्या मुठीने दीडशे फटके मारले की मनगट आणि कोपर दोन्ही जातात. पायांचे गणितही तसेच. १८ होल पायी म्हणजे आठ ते दहा किलोमीटर, ५४ म्हणजे पंचवीस ते तीस. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ते नकोत. मोज्यांचे तीन जोड आणि बुटांचे दोन, दोन्ही आधी वापरून मऊ झालेले. टाचेला आणि बोटांच्या मध्ये सकाळी व्हॅसलीन. नियमात १४ क्लब चालतात, पण आठ पुरतात. भरलेली मोठी बॅग अकरा-बारा किलोंच्या पुढे जाते. ती कॅडीच्या खांद्यावर असते, म्हणून आपल्याला जाणवत नाही इतकेच.

तयारीला बारा आठवडे हवेत. पहिले काही आठवडे नुसते चालणे, मग आठवड्यातून दोनदा १८ होल, आणि कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी एकदा सलग ३६. ज्याला ३६ नीट जमत नाहीत त्याने ५४ चे वचन घेऊ नये. पंचेचाळिशीपुढच्यांनी आणि रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन लेखी संमती द्यावी. संयोजकांनी ती मागायला संकोचू नये.

पाणी आणि मीठ याबाबतीत सर्वाधिक गैरसमज आहेत. तहान लागेल तेव्हा पिऊ, हे चालत नाही, आणि भडाभडा नुसते पाणी पिणेही चालत नाही. घामातून मीठ जात असताना साधे पाणी फार झाले की रक्तातले सोडियम उतरते, डोके दुखते, मळमळते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, आणि लोक त्याला आणखी पाणी पाजतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी दीडशे ते दोनशे मिलिलिटर घ्यावे. होलमागे दहा मिनिटांच्या वेगात ते दर दोन होलला एक पेला होते, लक्षात ठेवायला सोपे. तासाला सव्वा-दीड लिटरपलीकडे जाऊ नये. ओआरएसचे साडेवीस ग्रॅमचे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात कालवायचे असते. अर्ध्या बाटलीत पाकीट ओतले की मीठ दुप्पट होते. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. शहाळे चांगले, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून त्याच्या जोडीला मीठ पोटात जायला हवे.

आणि इथे आपल्याकडे एक तयार उपाय आहे : पेज. उकड्या तांदळाची, कोमट, चवीपुरते मीठ घातलेली आणि सोबत तोरांचे, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचे, लोणचे. पाणी, मीठ आणि पचायला हलका भात एकाच वाडग्यात. आपल्या शेतातली माणसे दहा-अकराला पेज का घेत आली, याचे उत्तर या कार्यक्रमात अंगाला कळते. दुसऱ्या फेरीनंतर, म्हणजे साडेदहाच्या सुमारास, प्रत्येकी एक वाडगा द्यावा. दुपारी माशाची कढी, तळलेले मासे आणि भरपूर भात असे जेवण ठेवले तर तिसऱ्या फेरीनंतर कोणी उठत नाही. त्याऐवजी पोई-अंडे, दही-भात, केळी, चिक्की. सोलकढी चालेल, कोकम सरबत त्याहून चांगले. शेवटचा होल होईपर्यंत बिअर नाही, आणि हे आमंत्रणपत्रातच लिहावे.

प्रमाण सांगायचे तर बारा खेळाडू, बारा कॅडी, दहा स्वयंसेवक अशा चौतीस माणसांना प्रत्येकी सहा लिटर धरून दोनशे लिटरांच्या वर पाणी लागते. वीस लिटरचे बारा जार मागवावेत. बर्फ वेगळा, तोही केवळ पेयांसाठी नव्हे. उन्हाने कोसळलेल्याला आधी गार पाण्याने भिजवून वारा घालायचा असतो, मग गाडीत घालायचे. बोलणे असंबद्ध झाले, चाल अडखळली की खेळ थांबवून १०८ ला फोन करावा. राजबागहून मडगाव सुमारे चाळीस किलोमीटर आणि मध्ये करमल घाट; तेव्हा 'बघू थोडा वेळ' हे काणकोणात परवडत नाही.

कॅडींविषयी स्वतंत्रपणे लिहायलाच हवे. खेळाडू हौसेने २५-३० किलोमीटर चालतो. कॅडी पोटासाठी चालतो, ओझे घेऊन, आणि बहुतेक कार्यक्रमांत त्याला एका फेरीच्या दराने दिवसभर राबवले जाते. कॅडी दर १८ होलनंतर बदलावा. तसे शक्य नसेल तर प्रत्येक फेरीचे पूर्ण पैसे, वर टोपी, जेवण, तेच पाणी आणि तीच पेज. ही रक्कम खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीवर असावी. धर्मादाय कामासाठी म्हणून कोणाची मजुरी कमी करणे म्हणजे त्याच्याकडून न विचारता देणगी घेणे आहे.

आता पैसे. मैदानावरच्या चुका संध्याकाळपर्यंत दिसतात, पैशांच्या चुका वर्षभराने.

होलमागे ठरलेली रक्कम ही पद्धत चांगली आहे. चाळीस देणगीदारांनी होलमागे वीस रुपये दिले तर ५४ होलचे ४३,२०० रुपये एका खेळाडूमागे जमतात. मात्र वचनपत्रावर होलचा दर आणि कमाल रक्कम दोन्ही लिहावी, म्हणजे देणाऱ्याला आकडा आधीच कळतो. 'बर्डीमागे (पारपेक्षा एक फटका कमी लागला की) हजार' अशी वचने उत्साहात दिली जातात आणि वसूल करताना अवघडल्यासारखे होते, ती टाळावीत. शक्य तेवढी रक्कम आधीच जमा करावी. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत न आलेले पैसे सहसा येत नाहीत, ते मागत फिरण्यात स्वयंसेवक थकतात. आव्हान अपुरे राहिले तर आधी दिलेल्या पैशांचे काय, हेही पत्रावरच असावे.

पैसे थेट संस्थेच्या खात्यात जावेत. क्यूआर कोड संस्थेचा, खजिनदाराच्या मोबाइलचा नव्हे. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात दोन-चार लाख जमा झाले की त्याला ते आपले उत्पन्न नव्हे हे सिद्ध करत बसावे लागते आणि देणगीदाराला आयकराची पावती मिळत नाही ती नाहीच. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मान्यता असलेल्या संस्थेच्याच पावतीवर मिळते, पॅन क्रमांक लागतो, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना या सवलतीचा उपयोग नाही. हे चारही मुद्दे पैसे घेतानाच सांगावेत. प्रवेश शुल्काच्या बदल्यात खेळाडूला मैदान, जेवण आणि टी-शर्ट मिळत असेल तर ते शुल्क देणगी नव्हे, त्याची पावती वेगळी. दानपेटी ठेवायची असेल तर शेजारी वही ठेवून नावपत्ता घ्यावा, कारण निनावी देणग्या मर्यादेबाहेर गेल्या की संस्थेला त्यावर ३० टक्के कर बसतो.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा मागायला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, प्रायोजकत्व असले एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाहीत, असे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितले आहे. टीवरच्या फलकाचे पैसे कंपनीने जाहिरातीच्या खात्यातून द्यावेत. सीएसआर हवाच असेल तर तो संस्थेच्या मूळ प्रकल्पासाठी मागावा, आणि त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ ही नोंदणी असावी लागते.

गोव्यापुरती सर्वांत नाजूक बाब परदेशातल्या आपल्या माणसांची. स्विंडनला किंवा लंडनला असलेला भाऊ म्हणतो, मी शंभर पौंड पाठवतो. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. पण त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर तो मडगावात जन्मला असला, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे) कार्ड खिशात असले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो परकीय स्रोत आहे. मग एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारता येतो. नोंदणी नसलेल्या संस्थेने असे शंभर पौंडही घेऊ नयेत. आधी आपल्या खात्यात मागवून मग संस्थेला देऊ, ही पळवाट त्याहून वाईट. गावोगावी घरटी कोणी ना कोणी परदेशात असलेल्या आपल्या राज्यात हा प्रश्न प्रत्येक निधिसंकलनात येतो, आणि फॉर्मवर 'पासपोर्ट कोणत्या देशाचा' हा एक रकाना वाढवला की बराचसा सुटतो. विचारायला अवघड वाटते हे खरे, पण विचारावे.

शेवटी पाण्याचा विषय, जो टाळून गोव्यात गोल्फविषयी बोलता येत नाही. तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पाला गावकऱ्यांनी केलेला विरोध सर्वांना माहीत आहे, आणि त्यामागची भीती खरी आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. ऐन उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटर द्यायचे ठरवले तर हेक्टरी पन्नास हजार लिटर होतात, आणि त्याच महिन्यांत आपल्या वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. म्हणून असा कार्यक्रम आहे त्याच मैदानांवर व्हावा, फेब्रुवारी संपायच्या आत व्हावा, त्यासाठी जादा पाणी मारले जाऊ नये, आणि शिंपणाचे पाणी सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले आहे की विहिरीचे, हे संयोजकांनी हॉटेलला लेखी विचारून उत्तर पत्रकावर छापावे. रुग्णांच्या नावाने जमवलेल्या निधीवर शेजारच्या गावाचा राग असू नये.

तारीख ठरवताना शनिवार-रविवार सोडावा, हॉटेलचे पाहुणे मैदानावर असतात. कार्निव्हल आणि शिगमोचे दिवसही टाळावेत. जानेवारीचा शेवटचा किंवा फेब्रुवारीचा पहिला सोमवार-मंगळवार सोयीचा. त्यासाठी नोंदणी, खाते, वचनपत्र हे सगळे ऑक्टोबरअखेर तयार हवे आणि खेळाडूंचे चालणे दिवाळीच्या सुमारास सुरू झालेले हवे. कार्यक्रमानंतर तीस दिवसांत किती जमले, कॅडी, पाणी, मैदान यांवर किती गेले आणि रुग्णांच्या संस्थेला किती पोचले, हे तीन आकडे आपल्यासारख्या दैनिकात प्रसिद्धीसाठी पाठवावेत. आपण ते छापाल, अशी विनंती.

आपले,
काही गोमंतकीय गोल्फ खेळाडू व कार्यक्रम संयोजक,
मडगाव